गाडी आधी, लायसन नंतर

गाडी दारात आली त्या दिवशी आम्हा दोघांपैकी एकालाही ती चालवता येत नव्हती. लायसन तर सोडाच, लर्निंगचा कागदही हातात नव्हता. नातेवाईक म्हणाले, आधी शिकायचं असतं, मग घ्यायची असते. सल्ला चुकीचा नव्हता. पण शिकायचं कोणाच्या गाडीवर? ज्यांच्या घरी दोन पिढ्या गाडी आहे त्यांची मुलं अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत सोसायटीच्या आवारात क्लच-ब्रेक शिकून मोकळी होतात. त्याला कोणी शिक्षण म्हणत नाही, कारण ते घरातच मिळतं. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही बोर्द्यूचं सांस्कृतिक भांडवल शिकलो, परीक्षेत त्यावर उत्तरंही लिहिली. त्याचा खरा अर्थ कळला तो ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत. तिथे अर्धा तास आपण स्टिअरिंग धरून बसतो आणि खरी गाडी शेजारचा शिकवणारा आपल्या पायाने चालवत असतो.

गाडी हौस म्हणून घेतली नाही, हे सांगावं लागतं. सवर्ण मित्राने गाडी घेतली की पेढे मागतात, आम्ही घेतली की कारण विचारतात. कारण असं, की आमचं काम खेड्यापाड्यांत आहे आणि पावसाळ्यात दुचाकीवर दोघांनी तीस-चाळीस किलोमीटर जाणं अवघड होत चाललं होतं. दुसरं कारण वस्ती. रात्री दहानंतर नाक्यावरचा रिक्षावाला आमच्या वस्तीचं नाव ऐकून मान हलवतो. रस्ता खराब आहे म्हणतो. रस्ता खराब आहेच, पण त्याच रस्त्याने पुढच्या कॉलनीत तो जातो.

आमच्या घरात लायसन मात्र जुनं आहे. मामा तीस वर्षं सरकारी जीप चालवून निवृत्त झाले. म्हणजे लायसन होतं, गाडी नव्हती. आता गाडी आली आणि लायसन नाही. मामा हसत म्हणाले, 'पोरांनो, आपलं सगळंच उलटं.' आमच्या समाजात गाडी चालवणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. एसटी, ट्रक, साहेबाची गाडी, कंपनीची बस. कमी होती ती स्वतःच्या नावाच्या आरसी बुकची.

शोरूममध्ये आम्ही भीतभीत विचारलं, लायसन नसेल तर गाडी मिळेल का? मिळते. गाडी विकत घ्यायला आणि नावावर नोंदवायला लायसन लागत नाही, चालवायला लागतं. विमा मात्र पहिल्या दिवसापासून हवा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १४६ सांगतं की तृतीय पक्षाचा विमा नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी आणताच येत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो.

विक्रीच्या मुलाने विम्याचा आकडा सांगितला, छत्तीस हजार. गाडीच्या किमतीत तो असा मिसळून टाकलेला होता की वेगळा विचारेपर्यंत दिसलाच नाही. आम्ही फोड मागितली. हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीला तेव्हा तृतीय पक्षाच्या तीन वर्षांचा हप्ता १०,६४० रुपये आणि वर जीएसटी असा होता. हा दर सरकार ठरवतं, त्यात घासाघीस नसते. उरलेलं म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आणि त्यावर चढवलेली जास्तीची कव्हरं. खरी वाढ तिथे होते. बाहेर विचारल्यावर तेवढंच संरक्षण सत्तावीस हजारांत मिळालं. विमा शोरूममधूनच घ्या असं कोणताही नियम सांगत नाही. तो मुलगा सुरुवातीला म्हणाला होता, 'सर, आमचाच घ्यावा लागतो.' आमचाच हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात, जुनी सवय आहे.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट फॉर्ममध्ये होती. मालक-चालकाचा अपघात विमा म्हणून पंधरा लाखांचं एक कव्हर असतं. गाडी चालवताना मालकाचा मृत्यू झाला किंवा त्याला कायमचं अपंगत्व आलं तर त्यातून पैसे मिळतात. अट अशी, की मालकाकडे वैध लायसन हवं. त्या मुलाने आम्हाला न विचारता 'वैध लायसन आहे' या चौकटीत खूण करून टाकली होती. आम्ही म्हटलं, आमच्याकडे नाही. तो म्हणाला, 'सगळे असंच करतात, पुढच्या महिन्यात निघेलच की तुमचं.' म्हणजे हप्ता आम्ही भरायचा, आणि प्रसंग आलाच तर कंपनीने आमच्याच सहीचा फॉर्म आमच्यापुढे धरायचा. आमच्या आज्याने सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता. नातवंडांनी छापील कागदावर खोटी सही द्यायची, एवढाच काय तो फरक झाला असता. आम्ही विमा बाहेरून घेतला, लायसन नाही असं लिहून दिलं आणि ते पंधरा लाखांचं कव्हर तेव्हा घेतलं नाही. ज्याच्याकडे लायसन नाही त्याला ते बाजूला ठेवता येतं, हे त्या मुलाला माहीत नव्हतं असं आम्ही मानत नाही.

गाडी ताब्यात घेताना नारळ, लिंबू आणि कुंकवाचं ताट तयार होतं. नको म्हटलं. फोटो काढणारा गोंधळला, चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय गाडी पुढे कशी घ्यायची असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. आम्ही पंचशील म्हटलं, मामांनी गिअर टाकला आणि गाडी निघाली. मामांच्या लायसनवर ती घरापर्यंत पूर्ण विम्यासकट आली. पॉलिसी मालक कोण ते विचारते, पण अपघाताच्या वेळी चाक कोणाच्या हातात होतं आणि त्याच्याकडे लायसन होतं का, हे जास्त विचारते.

आठवडाभरात लर्निंग आलं. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परीक्षेला बसता येतं. लर्निंगवर गाडी चालवता येते, पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला तिसरा नियम पाळावा लागतो. गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा, आणि शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस असा बसलेला हवा की वेळ पडली तर गाडी आवरू शकेल. पॉलिसीतही हाच नियम नाव घेऊन छापलेला आहे. तो मोडला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीवर पाणी सोडायचं. समोरच्याला इजा झाली तर त्याचं काय? स्वर्ण सिंग खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लर्निंग हेही लायसनच आहे, आणि लायसनचं कारण पुढे करून कंपनीला जखमी माणसाची भरपाई सहजासहजी टाळता येणार नाही. पण मालकाने जाणूनबुजून अट मोडली असेल तर कंपनी आधी जखमीला देते आणि मग मालकाकडून वसूल करते. ज्याचं घर अजून हप्त्यावर आहे त्याने हे वाक्य दोनदा वाचावं.

आता शेजारी बसणारा माणूस कुठून आणायचा? कायदा गृहीत धरतो की शिकणाऱ्याच्या घरात आधीच शिकलेला कोणी असतो. आमचे मामा साठ किलोमीटरवर राहतात. ते रविवारी यायचे, आम्ही रविवारी शिकायचो. सोमवार ते शनिवार गाडी ताडपत्रीखाली.

तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी रात्री दीडच्या सुमारास दार वाजलं. शेजारच्या आजींना श्वास घेता येत नव्हता. त्यांचा मुलगा दारात उभा, आणि त्याची नजर आमच्यावर नव्हती, ताडपत्रीवर होती. आम्ही १०८ ला फोन लावला. एकाने नाक्यावर धाव घेतली, रिक्षावाल्याने नेहमीप्रमाणे मान हलवली. वस्तीत चारचाकीचं लायसन असलेले दोघे जण आम्हाला ठाऊक होते. एक ट्रक घेऊन सुरतेला गेलेला, दुसरा कंपनीच्या बसवर रात्रपाळीला. लायसन होती, पण ती त्या वेळी दुसऱ्यांच्या गाड्या हाकत होती.

मुलगा म्हणाला, 'दादा, काढा ना गाडी.' आम्ही नाही म्हणालो. दवाखान्याच्या वाटेवर रेल्वेचा उड्डाणपूल आहे, त्या चढावर रविवारी आमची गाडी तीन वेळा बंद पडून मागे सरकली होती. मामांनी हँडब्रेक ओढला म्हणून मागचा टेम्पो वाचला. हे आम्ही त्याला सांगितलं. तो म्हणाला, 'मग घेतली कशाला, पूजेला ठेवायला?' १०८ यायला चाळीस मिनिटं लागली. आजी वाचल्या. चार दिवसांनी घरी आल्या. मुलगा महिनाभर आमच्याशी बोलला नाही.

त्या रात्री नंतर झोप लागली नाही तेव्हा चाळीसगाव आठवलं. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले. त्यांना महारवाड्यात न्यायचं तर टांगेवाले अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईनात. टांगा भाड्याने देतो, हाकणार नाही, असा तोडगा निघाला. पाहुण्याने पायी यावं हे वस्तीतल्या लोकांना पटेना, म्हणून त्यांच्यातलाच एक, ज्याने टांगा कधी हाकला नव्हता, त्याने लगाम हातात घेतला. नदीवरच्या मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. त्याआधी १९०१ साली मसूर स्टेशनवर गाडीवानाने दुप्पट भाडं घेऊन बैलगाडी या मुलांच्याच हाती दिली होती, आणि स्वतः बाजूने चालला होता.

टांगेवाला ऐनवेळी मान हलवतो आणि मग न शिकलेल्या माणसाने लगाम धरायचा की नाही, हा प्रश्न आमच्या वाट्याला पुन्हा आला. फरक असा, की या वेळी टांगा आमचा होता. आम्ही धरला नाही. ते नियमासाठी, चढासाठी, की साडेसहा लाखांच्या गाडीचा विमा बुडेल म्हणून? खरं सांगायचं तर तिन्ही मनात होतं, आणि कोणतं आधी आलं ते आम्हाला छातीठोकपणे सांगता येत नाही. आमच्यापैकी एकीचं मत अजूनही वेगळं आहे. ती म्हणते, चाळीसगावच्या त्या माणसाने चूक केली नाही, चूक स्टेशनवरच्या टांगेवाल्यांची होती. दुसऱ्याचं म्हणणं, चूक कोणाची का असेना, पाय बाबासाहेबांचा मोडला. या वादात आमची दोन-तीन जेवणं गार झाली.

यातून एक झालं. मामा सामान घेऊन दीड महिना आमच्याकडे येऊन राहिले. रोज पहाटे साडेपाचला तो पूल. बंद पडायचं, मागे सरकायचं, पुन्हा. पहिल्या परीक्षेत आमच्यापैकी एक जण रिव्हर्समध्ये नापास झाला. बाहेर एजंट उभाच होता, म्हणाला, ट्रॅकवर न जाता काम होईल. त्याला नमस्कार केला. सात दिवसांनी पुन्हा गेलो, पास झालो. लायसन हातात आल्यावर पंधरा लाखांचं ते कव्हर वेगळी पॉलिसी म्हणून घेतलं. या वेळी चौकटीत खूण आम्ही स्वतः केली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारचा मुलगा ओट्यावर येऊन बसला. इकडचं तिकडचं बोलला आणि उठता उठता म्हणाला, 'आईला सोमवारी तपासणीला न्यायचंय, जमंल का?' सोमवारी आजी पुढे बसल्या, पट्टा लावताना कुरकुरल्या. मामा मागच्या सीटवर. इतक्या वर्षांत गाडीत मागे बसायची त्यांची ही पहिलीच वेळ, असं तेच म्हणाले. पुलाच्या चढावर आरशात पाहिलं तर ते खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचा उजवा पाय, जिथे ब्रेक नव्हता तिथे, घट्ट दाबलेला होता.