डोहाळ्यांच्या आधी

‘तिला डोहाळे कडक लागले आहेत’ असे म्हणतात, तेव्हा तिला काही खावेसे वाटते असा अर्थ नसतो. पोटात काही ठरत नाही, असा असतो. वासना आणि शिसारी या दोहोंना मराठीने एकच शब्द दिला; उत्सव मात्र पहिलीचाच केला. डोहाळजेवण बहुधा सातव्या महिन्यात, म्हणजे बहुतेकींची मळमळ ओसरल्यावर होते. कालिदासानेही सुदक्षिणेच्या मुखाला मातीचा सुगंध दिला, ओकारी नाही.

तिसरा महिना भरेपर्यंत बातमी फोडायची नाही, या संकेतात खरी कोंडी आहे. नेमक्या त्याच आठवड्यांत फोडणीचा वास असह्य होतो आणि सुनेला तो चुलीपाशीच लपवावा लागतो. अंथरुणातच चार कोरड्या लाह्या, मग आल्याचा तुकडा, हे शहाणपणही कुजबुजीनेच हातोहात जाते. २०२३ साली संशोधकांनी या मळमळीचा संबंध मुख्यतः गर्भाकडून येणाऱ्या जीडीएफ-१५ या संप्रेरकाशी जोडला. ‘मनाचे खेळ’ हा शेरा तरीही पुसला गेलेला नाही. पाणीही ठरेनासे झाले, लघवी कमी झाली, की लाह्या पुरत नाहीत. दवाखाना गाठावा लागतो. शार्लट ब्राँटे १८५५ साली गरोदरपणातच गेली. कारण ही अखंड ओकारीच असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. मृत्यूच्या दाखल्यावर क्षय लिहिला आहे.