आबांचे पाय
(एस. वाय. बी. ए.)

गेल्या वर्षी माघातली पहाट होती. परीक्षा जवळ आल्यामुळे मी सोप्यात वाचत बसले होते. शेतीची वीज रात्रीची, त्यामुळे उसाला पाणी पाजून आबा तेव्हाच घरी आले. नेहमीप्रमाणे अनवाणी! पाय धुऊन ते माझ्यासमोरून आत गेले आणि आदल्या दिवशी सारवलेल्या जमिनीवर एकाच पावलाचे लाल ठसे उमटत गेले.

"आबा, पायाला काय लागलंय?" मी ओरडले.

"कुटं? काय न्हाई की!"

बाभळीचा काटा करंगळीच्या बुडाशी मोडून बसला होता. आईने तो चिमट्याने उपसून काढला, तरी आबांनी हूं की चूं केले नाही. आम्हांला त्यांच्या सोशिकपणाचे कौतुक वाटले. पण सोशिकपणा कसला? काटा त्यांना कळलाच नव्हता.

आबांना मधुमेह आहे हे घरात ठाऊक होते. गोळी मात्र आठवली तर घ्यायची, असा कारभार. आम्ही जखमेत हळद भरत राहिलो, ती चिघळत राहिली, आणि शेवटी तालुक्याच्या गावी नेऊन करंगळी काढावी लागली. तिथल्या डॉक्टरबाईंनी आबांना डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक ताठ धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला. "कळलं का?" आबा बहुतेक वेळा गप्पच. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठाही कमी होतो. मग जखम कळत नाही आणि लवकर भरतही नाही, असे बाईंनी मला समजावले. म्हणाल्या, "त्यांना दुखणार नाही. तेव्हा रोज पाय पाहायचे."

पाहायचे! हा शब्द माझ्या मनाला लागला. कॉलेजात नाव घालायला आबा माझ्याबरोबर आले होते. ऑफिसच्या दाराशी त्यांनी देवळाबाहेर काढाव्यात तशा वहाणा काढल्या. त्यांच्या टाचांच्या भेगा आणि काळवंडलेली नखे त्या स्वच्छ फरशीवर उठून दिसत होती. मी लाजून दोन पावले बाजूला सरकून उभी राहिले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. पण ज्या पायांनी मला तिथवर आणले, त्यांच्याकडे मी पाहिले नाही. दर दिवाळीला त्या पायांवर डोके ठेवले, तेही डोळे मिटूनच.

आता रोज दिवेलागणीला आबांचे पाय पाहणे हे माझे काम आहे. पाणी कोमट आहे ना, हे मी माझ्या हाताने पाहते, कारण त्यांना चटका कळत नाही. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या जुन्या मऊ धोतराने कोरड्या करायच्या, कारण ओल राहिली की चिखल्या होतात. टाचांना खोबरेल लावायचे, बेचक्यांत नाही. नखे सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. कुरूप ब्लेडने तासायचे नाही आणि थंडीत पाय शेकोटीपाशी न्यायचे नाहीत. वहाण झटकून, आत हात फिरवून मगच पाय घालायचा. तळवा पाहायला आईचा कुंकवाचा आरसा कामी येतो.

यात खर्चाचे असे काहीच नाही. खर्च झाला तो एका गमबुटाचा, आणि त्यावरून वादही झाला. "चिखलात बूट घालून मी काय सायब हाय व्हय?" असे म्हणून आबांनी तो आठ दिवस कोपऱ्यात ठेवला. नवव्या दिवशी आईने भाकरीचे फडके त्या बुटातच खोचून ठेवले. तेव्हा हसत हसत त्यांनी तो पायांत चढवला.

गेल्या महिन्यात अंगठ्याखाली हरभऱ्याएवढा फोड आला होता. आबांना पत्ता नव्हता; आरशात मला दिसला. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेलो आणि तो पंधरा दिवसांत सुकला. अंगठा वाचला.

त्या संध्याकाळी पाय पुसून झाल्यावर आबा म्हणाले, "आता तुजं दाव बघू." मी पाय मागे ओढून घेतला. मैत्रिणींसारखे दिसावेत म्हणून घेतलेल्या अरुंद बुटांनी माझ्या करंगळीवर कुरूप धरले होते. आबांनी ते निरखून पाहिले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून माझ्या मापापेक्षा जरा सैल अशी वहाण घेऊन आले.

तीच घालून मी आता कॉलेजला येते.