राणी विकायची तर कुठली?

केनियातली ती बातमी अजून डोक्यातून जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियमची दोन कोवळी पोरं नैवाशाला पकडली गेली. त्यांच्याकडं हस्तिदंत नव्हतं, सुमारे ५,००० मुंग्या होत्या. दोन हजारांवर नळ्या, त्यांत कापसाचे बोळे आणि जिवंत राण्या. महिनाभरात निकाल लागला: प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड, नाहीतर वर्षभर कैद.

माझ्या भाच्यानं पलूसमध्ये नेमका हाच धंदा, हौसेनं मुंग्या पाळणाऱ्यांना राण्या विकण्याचा, मनात धरला होता. द्राक्षाच्या शेडमध्ये त्यानं काचेच्या नळ्या मांडल्या होत्या. चौकशा मात्र बहुतेक एकाच प्रकारच्या यायच्या: पानं कापणाऱ्या मुंग्या आहेत का?

“मामा, त्या आपल्याकडं न्हाईतच,” तो वैतागून म्हणायचा.

खरं आहे. अ‍ॅटा आणि अ‍ॅक्रोमिरमेक्स या दोन्ही प्रजाती फक्त अमेरिका खंडांतल्या. कापलेल्या पानांवर त्या बुरशी पिकवतात आणि पिल्लांना ती चारतात. पाळणाऱ्यांना अ‍ॅक्रोमिरमेक्स जास्त सोयीची, कारण अ‍ॅटाचं वारूळ लाखांच्या घरात जातं आणि घरातली पेटी त्याला पुरत नाही. अ‍ॅटाची नवी राणी माहेर सोडताना तोंडातल्या पिशवीत बुरशीचा एवढासा कण घेऊन निघते. जमिनीत शिरली की तो कण बाहेर काढते, स्वतःच्या विष्ठेचं खत घालून वाढवते. कण मेला की घराणं संपलं. आणि नवं घराणं वसवते ती राणीच, म्हणून विकणाऱ्याला कामकरी मुंग्या गोळा करून भागत नाही, त्याला राणीच उचलावी लागते. आणि राणी उचलली म्हणजे पुढं होऊ घातलेलं अख्खं वारूळ उचललं. केनियातल्या नळ्यांचा हिशोब असा मांडला की पोटात गोळा येतो. पानं कापणाऱ्या मुंग्या इथं आणून चुकून सुटल्या तर आपल्या बागांचं काय होईल, हे दक्षिण अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना विचारावं.

मग इथलं काय? भाच्याची पहिली पसंती मुंगळा. पहिल्या पावसानंतर रात्री दिव्याखाली त्याच्या राण्या येतात, पंख टाकतात, आणि पहिली पिल्लं कामाला लागेपर्यंत अन्नाला शिवत नाहीत. आता निकामी झालेले उडण्याचे स्नायू विरघळवून त्यावर त्या पिल्लं पोसतात. नळीत, ओल्या कापसाशेजारी, हे सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. दुसरी पसंती घाटातली उडी मारणारी हार्पेग्नॅथॉस. तिच्यात राणी मेली तर कामकऱ्यांपैकी काहीजणी अंडी घालू लागतात. पण ती आणायची कुठून? सागरेश्वर हाकेवर आहे, पण अभयारण्यातून परवानगीशिवाय मुंगीसुद्धा उचलता येत नाही. धों. म. मोहित्यांनी उजाड डोंगरावर उभं केलेलं ते रान आहे. तिथं कुणी नळी घेऊन जाऊच नये. परदेशी पाठवायचं तर २००२ चा जैवविविधता कायदा आडवा येतो, आणि यायलाच हवा.

गंमत बघा, बुरशीची शेती पलूसमध्येही होते, फक्त ती मुंग्या करत नाहीत, वाळवी करते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी त्याच शेतातली. वाळवीला मात्र पाळणारा शौकीन मिळत नाही.

मी भाच्याला विक्रीचा नाद सोडायला सांगितलं होतं. आता तितकं ठाम सांगवत नाही. द्राक्षवेलींवर मुंग्या मिलीबग या किडीची राखण करतात म्हणून आम्ही बागाईतदार दर हंगामात खोडांच्या बुडाशी औषध टाकतो, त्यात किती वारुळं जातात याची कुणी नोंद ठेवत नाही की दंड भरत नाही. आणि गावात मुंगीकडं तासभर बघत बसणारा मला माहीत असलेला पोरगा हा एकटाच. त्यानं दिव्याखाली पडलेले मुंगळे जवळपासच्या शाळांना द्यावेत, पाळायचं कसं ते शिकवावं, त्याचे पैसे खुशाल घ्यावेत. दूरच्या पार्सलाला माझा विरोध आहे. त्याला हे अर्धंच पटलंय.