कामठीचे दोन काउबॉय

काउबॉय म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मोठ्ठी टोपी, उधळणारा घोडा, कमरेला पिस्तूल, हो ना? सिनेमातला हा गडी सगळं करतो, फक्त गायी राखताना दिसत नाही! खरा काउबॉय म्हणजे गुराखीच. 1860 नंतरच्या वीसेक वर्षांत टेक्सासमधून गुरांचे कळप शेकडो मैल हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांवर नेले जात. दोन-अडीच हजार गुरं, दहा-बारा माणसं, दोन-तीन महिन्यांची वाट आणि पगार महिना तीस-चाळीस डॉलर. त्यांच्यात कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन गुराखी पुष्कळ होते. तेही सिनेमात फारसे भेटत नाहीत.

हे सगळं मी माझ्या भाच्याला सांगत होतो ते कामठीच्या वाटेवर. स्वारी गवताची काउबॉय टोपी घालूनच निघाली होती.

नागपूरहून जबलपूर रस्त्याने पंधराएक किलोमीटर गेलं की कामठी. 1821 मध्ये इंग्रजांनी कन्हान नदीकाठी छावणी वसवली. 'कॅम्प'वरून कामठी झालं, असं लोक सांगतात. आजही इथे लष्कराचं गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे. 1999 साली उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार तर तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिलं असेल. आम्ही मात्र नदीकाठच्या एका लहानशा गावात जाणार होतो. दिवाळीचा पाडवा होता, आणि या दिवशी विदर्भात गायगोधन असतं.

शेणाचा गोवर्धन करतात, गायींची शिंगं रंगवतात, त्यांना ओवाळतात. गायी राखणारे गोवारी लोक डफ-बासरीच्या तालावर नाचत मालकांच्या घरी जातात. गावाच्या कडेला गुरं जमायची जागा असते, तिला इकडे आखर म्हणतात, आणि गुराख्याला म्हणतात गायकी. (भाच्याला वाटलं, इथे गाण्याचा क्लास आहे!)

आखरावर दोन म्हातारे बसले होते. दोघंही सत्तरी ओलांडलेले. एकानं टोपीकडे बोट दाखवून विचारलं, "काबे पोट्ट्या, हे काय घातलं डोक्यावर?"

"आबाजी, मी काउबॉय आहे."

"किती गायी हायेत तुयाजवळ?"

भाचा गप्प. मग मीच अमेरिकेतल्या कळपांचं वर्णन केलं. आबाजींनी ते दुसऱ्या म्हाताऱ्याच्या कानाशी ओरडून सांगितलं. तो हसायला लागला. "घोड्यावर बसून? मंग गायीशी बोलत कसे असतील?"

एवढं ओरडायचं कारण लवकरच कळलं. "ह्याले आयकू येत नाही अन् मले दिसत नाही," आबाजी म्हणाले. "दोघं मिळून एक पुरा गायकी."

आणि खरंच तसंच चाले. एक पाहणार, दुसरा ऐकणार. गाय झुडपाआड गेली की आबाजी घंटेवरून दिशा सांगत आणि मित्र जाऊन तिला वळवून आणी. पन्नास वर्षं असं बरोबर हिंडताना भांडण झालं नाही असा दिवस नसेल. आमच्यासमोरच दोनदा झालं, त्यातलं एक चिमूटभर तंबाखूवरून.

काउबॉयचं काम का संपलं, हे भाच्याला हवं होतं. 1874 साली ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं काटेरी तारेचं पेटंट घेतलं. मोकळ्या कुरणांना कुंपणं पडली, रेल्वे जवळ आली आणि गुरं लांबवर हाकण्याची गरजच उरली नाही. आबाजी म्हणाले, "आमच्या इथं तार कमी, लेआउट जास्त." कामठीभोवती कोळशाच्या खाणी, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं, प्लॉटच्या पांढऱ्या खुणा. पूर्वी या दोघांकडे शंभरावर गुरं होती. आता नऊ.

मी 23 नोव्हेंबर 1994 बद्दल विचारलं. त्या दिवशी गोवारी बांधव आदिवासींच्या सवलतींसाठी नागपुरात मोर्चा घेऊन गेले होते. चेंगराचेंगरीत 114 जण गेले, त्यात बायका आणि लहान मुलं पुष्कळ होती. सीताबर्डीला त्यांचं स्मारक आहे. आबाजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमी दोघं बी होतो. ह्याचा हात सुटला होता. रात्री घावला."

बहिऱ्या मित्राला ऐकू गेलं नसावं. तो एका गायीच्या गळ्यात नवी घंटा बांधत होता. नऊच्या नऊ गायींना त्यानं कामठीच्या बाजारातून घंटा आणल्या होत्या. दिवाळी झाली की तो मुलाकडे राहायला जाणार होता, कायमचा. मग आबाजींच्या वतीनं पाहायला कोण? म्हणून या घंटा.

"साऱ्या सारख्याच वाजतात बे!" आबाजी कुरकुरले. "कोनती कोनाची, कसं समजन?"

मित्र पुन्हा बसला आणि दगडानं एकेक घंटा थोडीथोडी ठोकून वेगळी करू लागला. एक ठोका, मग आबाजींच्या तोंडाकडे बघणं. आबाजी मान हलवत, "नाही... नाही... हां, हे कपिली."

तेवढ्यात भाच्यानं बोंब मारली. कपिलीच्या वासरानं त्याच्या टोपीची अर्धी कड खाऊन टाकली होती.

"कोन वरडलं?" बहिऱ्या मित्रानं विचारलं.

"काउबॉय!" आबाजी त्याच्या कानात ओरडले. "तू ठोक. अजून आठ राह्यल्या."