ढोलीचं कुळ

फाल्गुनात सह्याद्रीच्या पानगळीच्या रानात दोन आवाज एकमेकांत मिसळतात. वठलेल्या फांदीवर पडणारे सुताराचे ठोके, आणि वडाच्या शेंड्यावरून तांबटाचं अखंड टुकटुकणं. सुतार मुंग्या-अळ्या खाणारा, तांबट वड-उंबरांच्या फळांवर जगणारा. तरी दोघं एकाच गणातले. दोघांच्याही पायांची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात. पोपटाचे पायही तसेच. पण बोटं वळवणाऱ्या स्नायुरज्जूंची जी गुंफण या गणात आहे, ती पोपटात नाही. आणि दोघंही चोचीने लाकूड कोरून आपलं घर करतात.

या गोतावळ्याचा विस्तार थक्क करतो. अमेरिकेतल्या टूकनची अवाढव्य चोच पाहून आपल्याला धनेश आठवतो, पण रक्ताचं नातं आहे ते तांबटाशी. तिथले तांबट तर आपल्या तांबटांपेक्षा टूकनलाच अधिक जवळचे, हे डीएनएने दाखवून दिलं. सुतारांचे सर्वांत जवळचे आप्त म्हणजे मधाच्या पोळ्याची वाट दाखवणारे, मेण पचवणारे मधुदर्शक. आफ्रिकेतला छोटा मधुदर्शक स्वतः घर कोरत नाही. तो अंडी घालतो बहुधा तांबटाच्या ढोलीत, म्हणजे भाऊबंदाच्याच घरात. हिवाळ्यात आपल्याकडे येणारा मानमोडी हा सुतारकुळाच्या फार जुन्या फांदीवरचा. खोडाला टेकायची ताठ शेपटी त्याला नाही, आणि सुतारांनी सोडलेल्या ढोलींतही तो संसार मांडतो.

रूप मात्र फसवतं. पश्चिम घाटात सोनेरी पाठीचे सुतार आहेत, इतके सारखे की जाणकारही थबकतात. त्यांतल्या एकाच्या पायाला तीनच बोटं, दुसऱ्याच्या चार. हा चार बोटांचा मोठा सुतार तीन बोटांच्या त्या सोनपाठ्यापेक्षा अमेरिकेतल्या हस्तिदंती चोचीच्या सुताराला अधिक जवळचा. सोनं दोघांच्या पाठीवर वेगवेगळ्या वाटांनी आलं. केवढी ही निसर्गाची किमया!

म्हणून वठलेलं झाड निरुपयोगी समजून कुणी तोडू नये. ढोली कोरण्याचं लक्षावधी वर्षांचं हे कसब त्याच लाकडावर चालतं. ते झाड उभं राहिलं तर सुताराचं घर होतं, तांबटाचं होतं. आणि त्यांनी सोडलेल्या ढोलींत मैना, पोपट, पिंगळे यांचेही संसार उभे राहतात. नात्यात नसलेल्यांनाही आसरा देणारं असं कुळ रानाला लाभलं आहे, हे रानाचं थोर भाग्य.