न उडालेला बार

१९८७ साली एन.सी.सी.च्या शिबिरात पालथे पडून मी .२२ रायफलीचा चाप ओढला. नुसते ‘खट्’ झाले. गोंधळून मी रायफलीसकट मागे वळू लागलो, तोच हवालदारसाहेबांनी खांदा दाबून धरला. नळी निशाणाकडेच ठेव, थांब! बार कधी उशिराही उडतो.

अर्ध्या मिनिटाने काडतूस काढले. कडेवर ठोक्याची खूण होती. मोठ्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात पेटवणारी दारू बुडाशी मधोमध असते, यात ती कडेत. नेमकी ठोक्याच्या जागी कमी पडली असावी.

माझ्यामागे चार मुले उभी होती.

दिवाळीत फुसका फटाका उचलायला धावणाऱ्या नातवाला धरतो, तेव्हा तो हात अजून खांद्यावर जाणवतो.