रकीब, स्कूटर आणि आम्ही

गेल्या शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर आमच्या घरात पुन्हा एकदा ‘छोटी सी बात’ लागला. कितव्यांदा ते विचारू नका. आम्ही लहान असताना तो दूरदर्शनवर पाहिला होता, शेजाऱ्यांच्या घरी, दाराशी चपलांचा ढीग असताना. आता आमची अकरावीतली मुलगी तो आमच्या शेजारी बसून पाहते आणि मध्येमध्ये प्रश्न विचारते.

आधी एक खुलासा करतो. आम्ही म्हणजे मी एकटाच. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, घरी बोलताना ‘हम’ म्हणायची सवय, ती मराठीतही उतरली. आमच्या बेगमचं म्हणणं वेगळं आहे. त्या म्हणतात, एकट्याने केलेल्या चुकाही हे ‘आम्ही’ केल्या म्हणून सांगतात, म्हणजे निम्म्या माझ्या नावावर पडतात.

तर ‘छोटी सी बात’. बासू चटर्जींचा 1976 चा सिनेमा. अमोल पालेकर रोज बसस्टॉपवर विद्या सिन्हाला पाहतो, तिच्या मागे तिच्या ऑफिसपर्यंत जातो, पण तोंडातून शब्द फुटत नाही. मग असरानी येतो. त्याच्याकडे स्कूटर आहे, गप्पा आहेत, टेबल टेनिस येतं. बसच्या रांगेतून तो तिला सहज उचलून नेतो आणि आपला नायक रांगेतच राहतो. ईर्ष्येपोटी बिचारा एक जुनी मोटारसायकल विकत घेतो, तर गॅरेजवाला त्याला फसवतो. शेवटी सल्ला घ्यायला जातो कुठे, तर खंडाळ्याला, अशोक कुमार झालेल्या कर्नलकडे. आम्हा पनवेलकरांना इथे उगाच अभिमान वाटतो. खंडाळ्याची वाट आमच्या दारावरूनच जाते, खोपोलीपुढे घाट चढला की आलंच. नायक आमच्या स्टँडवर चहा प्यायला असेल, असं आम्ही लहानपणी ठरवूनच टाकलं होतं.

मुलगी म्हणाली, “अब्बा, हा रोज तिच्या मागे जातो, हे चांगलं आहे का? आज कुणी असं केलं तर तुम्ही शाळेत त्याला बोलवून घ्याल.”

खरं आहे, बोलवून घेऊ. जुन्या सिनेमांचं कौतुक करताना हे मान्य करावंच लागतं. 1955 चा गुरुदत्तचा ‘मिस्टर अँड मिसेस 55’ आमच्या अब्बांचा लाडका. मधुबाला, ललिता पवारांची ती कडक आत्या, पैशांसाठी ठरवलेलं खोटं लग्न आणि मग त्या लग्नातच खरा जीव गुंतणं, अबरार अल्वींचे संवाद. पण त्यात एक वहिनी नवऱ्याच्या मारझोडीचं समर्थन करते. तो भाग आम्ही पुढे ढकलतो, आणि का ढकलला तेही मुलांना सांगतो.

आम्हाला या सिनेमांत काय आवडतं, याचा विचार केला तर उर्दूच्या तासाकडे वळावं लागतं. मराठीत मत्सर, हेवा, असूया, संशय असे शब्द आहेत. उर्दूत रश्क वेगळा आणि हसद वेगळा. दुसऱ्याचं चांगलं पाहून आपल्यालाही तसं मिळावं वाटणं तो रश्क. त्याचं चांगलं नष्ट व्हावं वाटणं तो हसद. आणि गझलेत एक माणूस कायम हजर असतो, रकीब. आशिकाचा प्रतिस्पर्धी. त्याला चेहरा नाही, नाव नाही, पण तो नेहमी मैफिलीत पुढच्या जागेवर बसलेला. दहावीच्या मुलांना रकीब समजावताना आम्ही सरळ सांगतो, असरानी आठवा, स्कूटरवरचा. लगेच समजतं.

गझलेतला रकीब रडवतो, सिनेमातला हसवतो. हसू येतं, कारण प्रेक्षकाला जे माहीत असतं ते त्या जळणाऱ्या माणसाला माहीत नसतं. ‘चश्मे बद्दूर’मध्ये (1981, सई परांजपे) दोन मित्र मुलीबद्दल थापा मारतात आणि फारूख शेखचा सिद्धार्थ त्या खऱ्या मानून झुरत बसतो. त्याने तिला एकदा विचारलं असतं तर अर्धा सिनेमा संपला असता. ‘रंग बिरंगी’त (1983, हृषीकेश मुखर्जी) तर गंमत अशी, की देवेन वर्मा दुसरा एक सिनेमा, ‘पती पत्नी और वो’, पाहून मित्राच्या शिळ्या झालेल्या संसारात मसाला घालायला निघतो. अमोल पालेकर आपल्या सेक्रेटरीशी लगट करायला जातो, त्या सेक्रेटरीचा प्रोफेसर प्रियकर फारूख शेख जळतो, बायको परवीन बाबी हैराण होते आणि सगळी वरात उत्पल दत्तच्या पोलीस अधिकाऱ्यापुढे येते. मूळ ‘पती पत्नी और वो’ (1978, बी. आर. चोप्रा) आम्हाला तेवढा हसवत नाही. संजीव कुमार उत्तमच, पण धडधाकट बायको आजाराने मरायला टेकली आहे असं सांगून सेक्रेटरीची सहानुभूती मिळवणारा नवरा पाहताना घशात काही तरी अडकतं. अडकायचं कारण आहे, आणि ते सांगायलाच आज लिहायला बसलो.

2016 चा पावसाळा. बेगम तेव्हा नवीन पनवेलमधल्या एका बालवाडीत शिकवायच्या. एके दिवशी मुसळधार पावसात आम्ही रिक्षातून वडाळे तलावाजवळून येत होतो आणि समोरून त्या एका सहकारी शिक्षकाच्या स्कूटरवर मागे बसून गेल्या. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि हसत होत्या. स्कूटर होती हो, दुसरं काही असतं तरी चाललं असतं!

त्याच रात्री विचारायला हवं होतं. “आज कुणी सोडलं?” एवढे तीन शब्द. आम्ही विचारलं नाही. तीन आठवडे आम्ही अमोल पालेकर झालो. भाजीत मीठ कमी आहे म्हणालो, इस्त्री नीट नाही म्हणालो, मुलाच्या अभ्यासावरून ओरडलो. फोन वाजला की कान टवकारायचे. त्यांनी दोनदा विचारलं, “अहो, तब्येत बरी नाही का?” आम्ही म्हणालो, उत्तम आहे.

मग एका रात्री त्या झोपल्यावर आम्ही त्यांचा फोन उघडला.

त्या सहकाऱ्याचे बरेच संदेश होते. सगळे बी.एड.च्या प्रवेशाचे. कोणते दाखले लागतात, फॉर्म कुठे भरायचा, शेवटची तारीख कोणती, मागच्या वर्षीचे प्रश्न कसे होते. त्याची बायको आदल्याच वर्षी त्यातून गेली होती, तिचीही माहिती त्यात होती. बेगमने शेवटी लिहिलं होतं, की घरी अजून सांगितलेलं नाही, प्रवेश मिळाल्यावरच सांगेन.

का सांगितलं नव्हतं, तेही आम्हाला लगेच आठवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी विषय काढला होता आणि आम्ही, स्वतः बी.एड. झालेले, हसून म्हणालो होतो, “आता या वयात?” आमच्या वेळी ते एका वर्षात व्हायचं, आता दोन वर्षांचं झालंय, मुलं लहान आहेत, वगैरे. त्या गप्प बसल्या होत्या. आम्हाला वाटलं विषय संपला.

सकाळी आम्ही मोठ्या मनाने सांगितलं, की फोन पाहिला, शक होता, तो मिटला. आमची अपेक्षा होती की सिनेमातल्यासारखं दोघेही हसू. त्यांनी पोळी तव्यावरून काढली, गॅस बंद केला आणि म्हणाल्या, “विचारलं असतं तर सांगितलं असतं.” दुपारी मुलांना घेऊन त्या माहेरी गेल्या. माहेर तळोज्याला, म्हणजे रिक्षानेही जाता येतं इतकं. पण नऊ दिवस ते अंतर काही संपेना.

आम्ही तीनदा गेलो. सासऱ्यांनी तिन्ही वेळा चहा दिला आणि पावसाबद्दल बोलले. तिसऱ्या वेळी सासूबाई, ज्या नात्याने आमच्या लांबच्या खालाही लागतात, बाहेर येऊन बसल्या. त्यांनी आम्हाला तो वाडग्याचा किस्सा सांगितला, जो आम्ही कितीदा ऐकलेला होता. प्रेषित (स.) एका पत्नीच्या घरी असताना दुसऱ्या पत्नीकडून वाडग्यात जेवण आलं. ते पाहून घरच्या पत्नीला सहन झालं नाही, खादिमच्या हातावर फटका बसला आणि वाडगा फुटला. आपण (स.) रागावले नाहीत. तुकडे आणि जेवण स्वतः गोळा केलं, हजर असलेल्यांना एवढंच सांगितलं की तुमच्या आईला ईर्ष्या वाटली. हा भाग सगळे सांगतात. खाला पुढचा भाग सांगायला आल्या होत्या. मग त्या घरातला चांगला वाडगा घेऊन, जिचा फुटला तिच्याकडे पाठवला.

“जलन सगळ्यांनाच होते बेटा,” खाला म्हणाल्या. “तू वाडगा काय देणार ते सांग.”

फॉर्मची शेवटची तारीख त्या नऊ दिवसांतच निघून गेली होती. कागद पनवेलच्या घरात, कपाटात होते. हे आम्हाला तेव्हा कळलं. सिनेमात असं होत नाही. तिथे गैरसमज मिटला की त्याने खाल्लेले दिवस परत मिळतात.

वर्ष गेलं. पुढच्या वर्षीचा फॉर्म आम्ही स्वतः रांगेत उभं राहून दाखले काढून भरला. प्रवेश मिळाला, दोन वर्षं सकाळचा डबा आणि धाकट्याचा अभ्यास आमच्याकडे आला. डब्याबद्दल मुलांची मतं छापण्यासारखी नाहीत. आता बेगम एका माध्यमिक शाळेत आहेत आणि इंग्रजी त्या आमच्यापेक्षा चांगलं शिकवतात, हे रश्काने म्हणतो, हसदने नाही. पण ते एक वर्ष त्या विसरलेल्या नाहीत. नोकरीतल्या ज्येष्ठतेची यादी लागते तेव्हा त्या काही बोलत नाहीत, फक्त यादी दोनदा वाचतात.

हे सगळं मुलीला माहीत नव्हतं. शनिवारी सिनेमा संपल्यावर ती म्हणाली, “याने सरळ विचारलं असतं तर?” आम्ही बेगमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “मग पिक्चर झाला नसता. तुझ्या अब्बांना विचार, त्यांना असरानीच्या स्कूटरबद्दल बरंच माहीत आहे.” आणि मग त्यांनीच सगळं सांगितलं, पिशवी डोक्यावर घेतलेल्या हसण्यापासून. त्या का हसत होत्या, ते आम्हालाही त्या रात्रीच कळलं. स्कूटर खड्ड्यात आपटली होती आणि त्या सरांचा डबा उघडून सगळी डाळ त्यांच्याच पाठीवर सांडली होती.

पुढच्या शनिवारी ‘रंग बिरंगी’ ठरलाय. बेगमना पेपर तपासायचे आहेत, म्हणून साडेनऊनंतर. धाकट्याने विचारलं, त्यात मारामारी आहे का? नाही म्हटल्यावर तो झोपायला गेला.